ते हजेरीपत्रक आधी गावात वाचून दाखवा

पत्राचा सारांश: इंदूरच्या एका स्वयंसेवी संस्थेत कार्यक्रम व्यवस्थापक असलेल्या ताईंनी लिहिलं आहे. धार आणि बडवानी जिल्ह्यांतल्या 18 ग्रामपंचायतींत ग्रामसभा बळकट करण्याचा तीन वर्षांचा प्रकल्प त्या सांभाळतात. पैसा एका परदेशी फाउंडेशनचा. करारातलं मुख्य लक्ष्य असं, की तिसरं वर्ष संपेपर्यंत गावातल्या निम्म्या मतदार बायका ग्रामसभेला येऊ लागतील. अहवालांत आकडा दर तिमाहीला चढत गेला. आता फाउंडेशनची माणसं पाहणीला येणार आहेत. ताईंनी फाइली काढल्या, तेव्हा एका कार्यकर्त्यानं आपणहून सांगितलं, की बऱ्याच सह्या आणि अंगठे सभा झाल्यावर घरोघर फिरून घेतलेले आहेत. एका पत्रकावर 112 नावं आहेत, सभेला माणसं होती चाळीसेक. संस्थेचे संस्थापक, ज्यांना ताई सर म्हणतात, म्हणाले, "एवढी पाहणी निभावून ने. हप्ता अडला तर नऊ जणांचे पगार मी कुठून देऊ?" त्यातच बडवानीकडच्या एका गावात बायकांनी नळाला पाणी का येत नाही, असं भर ग्रामसभेत विचारलं. तिथल्या सरपंचबाईंची यशकथा गेल्या वर्षी अहवालात छापली होती. त्या दुखावल्या, आणि जनपदच्या, म्हणजे तालुका पातळीवरच्या पंचायतीच्या, कार्यालयातून फोन आला, की तुमच्या लोकांना आवरा. ताई विचारतात: खरं लिहून सहकाऱ्यांच्या पोटावर पाय देऊ, की आकडे तसेच ठेवून काम वाचवू? बाहेरच्या पैशानं लोकशाही बळकट होते तरी का? आणि मी राजीनामा द्यावा का?

ताई,

त्या कार्यकर्त्यानं कुणी न विचारता येऊन खरं सांगितलं, ही तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे. ज्या कार्यालयात खालचा माणूस अशी बातमी आपणहून वर आणतो, तिथं अजून पुष्कळ काही शाबूत आहे. तेव्हा त्याला याची शिक्षा होता कामा नये, नोकरीची नाही आणि टोमण्यांचीही नाही. तसं त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. फाउंडेशनला काहीही लिहाल त्यात त्याचं नाव येऊ देऊ नका.

मग पत्रकं तपासा, सगळी. वाटतं तितकं ते अवघड नाही. माणसं सभेला जशी येतात तशी नावं पडतात: आधी दोन म्हातारे, मग रोजगार सहायक, मग एका फळ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, चार बायका एकदम, मध्येच मोटरसायकलवरून उतरलेला कुणी. त्या नावांना क्रम नसतो. घरोघर फिरून भरलेल्या पत्रकावर मात्र सासू, सून, नवरा, दीर असं एक घर एकाखाली एक येतं, आणि मग पुढचं घर सुरू होतं. मतदार यादी शेजारी ठेवली तर क्रम जवळजवळ जुळतो. पेन एकच, अंगठ्यांचा कलही एकच. सभेचे फोटो असतील तर डोकी मोजा. सचिवाच्या कार्यवाही रजिस्टरातली उपस्थिती आणि तुमची उपस्थिती शेजारी शेजारी मांडा. निःशंक खरी, निःशंक भरलेली आणि काहीच सांगता न येणारी, अशी पत्रकं वेगळी करा. शेवटच्या ढिगातली नावं खऱ्यात धरू नका.

हे करताना तुम्हाला कार्यकर्त्यांचा राग येईल. तो येण्याआधी एक विचार करून पाहा. निम्म्या मतदार बायका, हे लक्ष्य ठरवताना त्या भागातलं वर्ष कसं जातं हे कुणी पाहिलं होतं का? मध्य प्रदेशात ग्रामसभा मुख्यतः 26 जानेवारी, 14 एप्रिल, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरतात. दिवाळी झाली की धार, बडवानी, झाबुआ, अलीराजपूरकडची कुटुंबंच्या कुटुंबं मजुरीला गुजरातेत जातात. होळीच्या आधी भगोरिया हाट भरतात, तेव्हा परततात. म्हणजे 26 जानेवारीला मतदार यादीत नाव असलेली कितीतरी बाई सुरतेच्या नाहीतर राजकोटच्या बांधकामावर असते. ती सभेला येणार कशी? यादीचा आकडा छेदात घालून निम्म्याची मागणी केलीत, तेव्हाच कार्यकर्त्यासमोर दोन वाटा उरल्या: कमी आकडा लिहून बोलणी खायची, नाहीतर फिरून अंगठे घ्यायचे. त्यानं केलं ते चूकच. पण जे लक्ष्य खरेपणानं गाठताच येत नाही ते मांडणारे, मंजूर करणारे आणि दर तिमाहीला चढता आकडा पाहून शाबासकी देणारेही त्यात आले. त्यात फाउंडेशन आलं, सर आले आणि तुम्हीही आलात. चौकशी एकट्या कार्यकर्त्यापाशी थांबवली तर पुढच्या वेळी तो गप्प राहील.

आता तुमच्या प्रश्नातल्या गृहीताकडे येते. तुम्ही दोनच दारं पाहताय: खरं लिहिलं की पैसा जाणार, खोटं ठेवलं की काम वाचणार. दुसऱ्या दारामागे काम वाचतं, हे मला पटत नाही. हजेरीपत्रक हा नुसता आकड्यांचा कागद नसतो. त्याच्या मागे जेवणाचं बिल जोडलेलं असतं, प्रवासखर्चाचं व्हाउचर असतं. 112 नावं आणि चाळीस माणसं असतील, तर जेवण कितीचं लागलं? बिल 112 ताटांचं लागलं असेल तर हा विषय अहवालाचा राहिलाच नाही, तो हिशेबाचा झाला. चाळीस ताटांचंच बिल असेल, तर लेखापरीक्षकानं दोन कागद शेजारी ठेवले की त्याच्या लक्षात येईल. परदेशी निधीचं वार्षिक विवरण, तो एफसी-4 अर्ज, लेखापरीक्षकाच्या प्रमाणपत्रासह केंद्राकडे जातो. परदेशी अंशदान नियमन कायदा 2010 चा, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो फार कडक झाला आहे: प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. अशा काळात चुकीचे कागद फाइलीत ठेवून एक पाहणी निभावणं म्हणजे नऊ जणांचे पगारच काय, संस्थेची नोंदणीही टांगणीला लावणं आहे. सरांना नीतीच्या गोष्टी सांगू नका, त्या त्यांना ठाऊक आहेत. ही बिलं दाखवा.

फाउंडेशनला पाहणीआधीच कळवा. ती माणसं गावात येऊन बसल्यावर सांगितलं तर ती कबुली ठरते. आधी सांगितलं तर ते व्यवस्थापन ठरतं, आणि तुमचं पदच व्यवस्थापकाचं आहे. करारात गैरप्रकार आढळल्यास कळवण्याची अट बहुधा असते, ते कलम आधी वाचून घ्या. पहिल्यांदा फोन, त्याच दिवशी पत्र. पत्र लांबवू नका. साधारण असं लिहा: "पाहणीच्या तयारीत आम्ही उपस्थितीची पत्रकं तपासली. अमुक तिमाहींतल्या इतक्या पत्रकांवर सभेनंतर घेतलेल्या सह्या आढळल्या. सुधारित आकडे सोबत आहेत. त्यामुळे चुकीचा पडलेला खर्च इतका असून तो समायोजित करण्यास आम्ही तयार आहोत. हे का घडलं याचं आमचं आकलन असं आहे. उपस्थितीच्या जागी पुढील निकष घ्यावेत अशी विनंती आहे." क्षमायाचनेचे परिच्छेद नकोत, आणि 'संवादातील त्रुटींमुळे' वगैरे मोघम शब्दही नकोत. दाता अशा पत्रानंतर चिडणारच नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. हप्ता लांबू शकतो. पण अनुदान देणाऱ्या संस्थांतली माणसंही वर्षानुवर्षं चढते आकडे वाचत असतात. नीट कारण देऊन खाली आलेला आकडा त्यांनाही कामाचा असतो, कारण त्यावरून पुढचा करार शहाणपणानं लिहिता येतो.

सरांबद्दल तुम्ही थोडं कडवट लिहिलं आहे. साक्षरता अभियानाच्या काळापासून गावं तुडवलेला माणूस आज 'निभावून ने' म्हणतो, तेव्हा मला त्यात भीती ऐकू येते. ती भीती नऊ घरांची आहे. त्यांच्याशी सगळ्यांसमोर बोलू नका, आणि प्रश्न घेऊन जाऊ नका. तपासलेली पत्रकं, बिलं, पत्राचा मसुदा आणि 'हप्ता तीन महिने लांबला तर काय' याचा एक कागद, एवढं घेऊन जा. त्या कागदावर लिहा: शिल्लक किती, कुठला खर्च थांबवता येईल, पगार किती महिने निघतील. घाबरलेल्या माणसाला तत्त्वापेक्षा अशा कागदाचा आधार वाटतो. तो तयार करणं तुम्हाला जमतं, आणि बहुधा तुमच्याशिवाय तिथं कुणालाच जमत नसेल.

पण फाउंडेशनला कळवून तुमचं काम संपत नाही. मला सर्वांत आतून वाटतं ते हे. पत्र संपूर्ण वाचूनही एक गोष्ट मला सापडली नाही: गावाला काय सांगायचं? ज्या बायकांचे अंगठे घेतले त्यांना कुणी काय सांगितलं होतं? 'सभेला आलात' असं आपल्या नावावर लिहिलं गेलंय, हे त्यांना माहीत आहे का? तुम्ही त्यांना सचिवाकडे रजिस्टर मागायला शिकवता, खर्चाचा तपशील विचारायला शिकवता. मग तुमचं रजिस्टर त्यांनी कधी पाहिलं?

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर 1994 मध्ये कोट किराना इथं पहिली जनसुनवाई घेतली. हत्यार साधंच होतं: सरकारी कामांचे मस्टर आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचायची. नाव वाचलं की माणूस उभा राहून सांगायचा, मी या कामावर गेलोच नव्हतो. कागदावरची मजुरी आणि हाती पडलेली मजुरी लोकांच्या तोंडून समोर यायची. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा तिथल्याच चळवळीतली, आणि 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या मुळाशी त्या सभा आहेत. ती पद्धत सरकारसाठी राखून ठेवण्याचं काही कारण नाही. पुढच्या बैठकीत तुमचा कार्यकर्ता उभा राहू दे आणि त्यानं स्वतःचं हजेरीपत्रक वाचावं. नावं वाचावीत. जी म्हणेल 'मी नव्हते', तिच्या नावावर तिथंच रेघ मारावी. मग त्यानं सांगावं, की हे आमच्याकडून झालं, यापुढे पत्रक सभेतच भरलं जाईल आणि सभा उठण्याआधी वाचून दाखवलं जाईल. त्या वेळी तुम्ही स्वतः तिथं असा, त्याला एकट्याला उभं करू नका. सर आले तर फारच उत्तम.

तुम्हाला वाटेल, गावाचा विश्वास उडेल. खरं तर निम्म्या गावाला हे माहीतच असणार, अंगठे त्यांचेच आहेत. त्यांना माहीत नसेल ते एवढंच, की संस्था हे उघड बोलू शकते.

याच्या जोडीला आणखी एक करा. इंदुरात आपल्या गणेशोत्सव मंडळांत वर्गणी गोळा होते आणि शेवटी जमाखर्चाचा कागद मंडपात लागतो. कुणीही उभं राहून वाचतो आणि 'मांडववाल्याला एवढे कसे?' म्हणून विचारतो. तसा तुमच्या प्रकल्पाचा जमाखर्च प्रत्येक पंचायत भवनाच्या भिंतीवर लावा. हिंदीत, मोठ्या अक्षरांत: या पंचायतीत वर्षाला किती खर्च, त्यात पगार किती, प्रशिक्षण किती, जेवण किती. 'आमच्या नावावर एवढा पैसा येतो?' असा प्रश्न पहिल्याच दिवशी येईल. येऊ दे. त्याचं उत्तर द्यायला तुमचा कार्यकर्ता शिकला, की सरपंचाला उत्तर द्यायला कसं वाटतं हेही त्याला कळेल.

आता बडवानीकडचं ते गाव. तुम्ही ही घटना अडचणींच्या यादीत लिहिली आहे. तीन वर्षांत तुमच्या प्रकल्पानं काय साधलं असं मला विचारलंत, तर मी याच सभेकडे बोट दाखवेन. नळ बसला, पाणी आलं नाही, आणि बायकांनी ते ग्रामसभेत विचारलं. यासाठीच तर पैसा आला होता. लोकशाही बळकट झाली की गाव शांत होतं, हे गृहीत तुमच्या लक्ष्यांमध्ये नकळत शिरलं आहे, आणि जनपदच्या फोनमध्ये तर ते उघडच आहे. सुरुवातीला उलटच होतं. जिथं कुणीच काही विचारत नव्हतं तिथं कुणीतरी विचारतं, आणि कुणालातरी ते झोंबतं.

तरी सरपंचबाईंचं दुखावणं हलक्यात घेऊ नका. त्यांच्याकडे आधी जा, घरी जा, आणि त्यांच्या नवऱ्याशी नको, त्यांच्याशी बोला. नळजल योजनेचं काम गावोगाव बहुतेक पीएचई, म्हणजे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी, विभागाकडून ठेकेदारामार्फत होतं आणि झाल्यावर पंचायतीच्या ताब्यात दिलं जातं. टाकी कुणी बांधली, चाचणी झाली का, हस्तांतर झालं का, यातलं काहीच ठाऊक नसताना पाण्याची बोलणी मात्र सरपंच खातो. त्यांनी ती फाइल पाहिली आहे का, हे विचारा. पाहिली नसेल तर बायका आणि सरपंचबाई एकाच बाजूला उभ्या राहू शकतात: दोघींनाही पीएचईकडून तीच माहिती हवी आहे. सरपंचबाईंच्या सहीनं विभागाला पत्र जाऊ दे. उत्तर आलं नाही तर बायकांनी माहिती अधिकारात अर्ज करावा. 30 दिवसांची मुदत आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. 181 वर मुख्यमंत्री हेल्पलाइनला तक्रार नोंदवता येते, तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवायचा. अर्ज गावातल्या बाईच्या नावानं असावा, संस्थेच्या लेटरहेडवर नको. मात्र त्या बाईला पुढे करताना एवढं विसरू नका, की तुमची गाडी संध्याकाळी इंदूरला परतते आणि तिला तिथंच राहायचं असतं. रेशनच्या रांगेत, घरकुलाच्या यादीत तिचं काम त्याच लोकांशी आहे. एकटीच्या सहीऐवजी दहाजणींच्या सह्या बऱ्या. अहवालात तिचा फोटो नको, नाव नको, गावही ओळखू येऊ नये. यशकथा हव्यातच असतील तर ज्याची कथा त्याला ती वाचून दाखवून, त्याच्या संमतीनं छापा. सरपंचबाईंच्या कथेच्या वेळी तसं झालं होतं का, तेही पाहा.

जनपदला तोंडी उत्तर देऊ नका. एक सभ्य पत्र पाठवा: आमची संस्था ग्रामसभेत उपस्थित राहण्याचं आणि प्रश्न विचारण्याचं प्रशिक्षण देते, गावाच्या वतीनं मागण्या करत नाही, आपण बैठक घ्यावी, आम्ही येऊ. काही संस्था अशा फोननंतर घाबरून गाव सोडतात. 'राजकीय स्वरूपाची संस्था' असा शिक्का बसेल, ही त्यांची भीती असते. सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2020 मध्ये इन्साफ (इंडियन सोशल ॲक्शन फोरम) या संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे, की पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या प्रश्नाला सनदशीर मार्गानं पाठिंबा दिला, एवढ्यावरून परदेशी निधी रोखता येत नाही. पक्षापासून मात्र हात लांबच ठेवा. कार्यकर्ता कुणाच्या प्रचारात फिरत असेल तर आजच थांबवा.

आणि एक बारीक गोष्ट, जी बऱ्याच संस्थांना ठाऊक नसते. परदेशी अंशदानाच्या कायद्यात 'विधिमंडळ' या शब्दाच्या व्याख्येत पंचायत आणि नगरपालिकाही येतात, आणि विधिमंडळाच्या सदस्याला परदेशी अंशदान घेता येत नाही. म्हणजे सरपंच, पंच यांना या निधीतून मोबाइल, मानधन, भेटवस्तू देण्याआधी दहादा विचार करा. प्रशिक्षणाचा खर्चही कोणत्या शीर्षाखाली, कसा दाखवता ते सनदी लेखापालाकडून लेखी तपासून घ्या. सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर पाकीट देण्याची पद्धत असेल तर ती बंद करा.

बाहेरच्या पैशानं लोकशाही बळकट होते का, हा तुमचा प्रश्न खचून विचारलेला वाटला. माझं मत असं, की पैशानं माणूस सभेत आणता येतो, बोलतं करता येत नाही. कार्यकर्त्याचा पगार, बसचं भाडं, कायद्याची सोप्या हिंदीत आणि भिलीत केलेली पुस्तिका, बैठकीतला चहा यांना पैसा लागतो आणि तो घेण्यात लाज नाही. मजुरी बुडवून आलेल्या बाईला जेवण देणं यात काहीच गैर नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा जेवणाची पानं हीच लोकशाहीची मोजणी बनते.

काळाचाही हिशेब ठेवा. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 च्या एप्रिलमध्ये लागू झाली, आणि तिच्यानुसार पंचायत निवडणुका घेणारं पहिलं राज्य आपलं मध्य प्रदेश, 1994 मध्ये. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा. त्याचे नियम आपल्या राज्यात लागू व्हायला 2022 चा नोव्हेंबर उजाडला. सरकारला नियम करायला 26 वर्षं लागली, आणि त्याच भागातल्या गावांनी तीन वर्षांत, बारा तिमाहींत, चढत्या आलेखानं बदलावं अशी अपेक्षा तुमच्या करारात आहे. शिवाय राखीव जागा फिरत्या असतात. आज जिला तयार केलीत तिची जागा पुढच्या वेळी राखीव राहीलच असं नाही. इथल्या पंचायत निवडणुका 2022 च्या जून-जुलैत झाल्या, म्हणजे पाच वर्षांनी चित्र पुन्हा बदलतं. सगळी शक्ती सरपंचबाईंच्या प्रशिक्षणावर घातली तर निवडणुकीबरोबर ती वाहून जाते. ग्रामसभा मात्र कधी विसर्जित होत नाही, तिचे सदस्य मतदार असतात. गुंतवणूक तिथं करा.

म्हणून निकष बदलून मागा. मी असते तर विचारलं असतं: सभेची दवंडी आणि विषयपत्रिका किती दिवस आधी गावात पोचली? मागच्या सभेचे ठराव या सभेत वाचले गेले का? किती प्रश्न विचारले गेले, आणि त्यांपैकी कितींना पुढच्या सभेपर्यंत उत्तर मिळालं? रजिस्टर मागितल्यावर सचिवानं दाखवलं का? आणि सर्वांत कडक परीक्षा: तुमचा कार्यकर्ता गेला नाही अशी एखादी सभा नीट झाली का? वर्षात एकदा तरी मुद्दाम जाऊ नका, आणि नंतर रजिस्टर वाचा. हे आकडे लहान येतील. अठरा पंचायतींत मिळून उत्तर मिळालेले प्रश्न तीस निघाले, तरी त्या तीस प्रश्नांवर तुम्ही पाहुण्यांना प्रत्येक गावात नेऊन उत्तर दाखवू शकाल. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) या गावात 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हणणारी माणसं अभ्यासगटात वर्षानुवर्षं बसून, सर्वसहमतीपर्यंत बोलत राहून तिथवर आली. त्यांचा सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मान्य झाला. तिथल्या बैठकांचं तिमाही लक्ष्य कुणी ठरवून दिलं नव्हतं.

ज्यांचे प्रस्ताव सध्या लिहून व्हायचे आहेत, त्या वाचकांनाही हेच सांगेन. पहिल्या सहा महिन्यांत कुठलंही संख्यात्मक लक्ष्य मान्य करू नका, आधी गावाचं वर्ष समजून घ्या: स्थलांतर कधी, पेरणी कधी, हाट कुठल्या वारी. जो निकष कार्यकर्ता एकटा बसून भरू शकतो तो निकष घेऊ नका. आणि अंदाजपत्रकात एक रक्कम गावासमोर हिशेब मांडण्याच्या बैठकांसाठी ठेवा. लेखापरीक्षणाला पैसे ठेवतोच, तसेच.

नऊ सहकाऱ्यांना आता सगळं सांगा. हप्ता लांबू शकतो, शिल्लक इतकी आहे, पगार या महिन्यापर्यंत नक्की आहेत, हे त्यांना अंधारात ठेवून अचानक कळण्यापेक्षा पुष्कळ बरं. फाउंडेशनच्या पत्रातही लिहा, की चौकशी होईस्तोवर कार्यक्रमाचे उपक्रम थांबवा पण क्षेत्रातल्या माणसांचे पगार सुरू ठेवा. ही मागणी रास्त आहे आणि ती मोकळेपणानं करावी.

राजीनाम्याबद्दल: आज देऊ नका. सुधारित आकडे तुमच्या हातून गेले पाहिजेत, कारण ती पत्रकं तुम्हीच तपासली आहेत आणि तुम्ही गेलात तर ती पुन्हा फाइलीत जातील. सरांनी पत्र पाठवायला नकार दिला, तर जुन्या आकड्यांच्या अहवालावर सही करू नका आणि तसं कार्यकारिणीला, कोषाध्यक्षांसह, लेखी कळवा, पोच घ्या. तरीही काही हललं नाही तर जा, त्यात कमीपणा नाही. जाण्याआधी अठराही पंचायतींतला कुठला प्रश्न कुठे अडला आहे याची यादी करून पुढच्या माणसाच्या हाती द्या, आणि बडवानीच्या अर्जाची पोचपावती कुणाकडे ठेवली आहे तेही तिच्यात लिहा.